फ्रेमवर्क तयार आहे, पण कुणी हात लावत नाही

वाचकाचा प्रश्न थोडक्यात : हे वाचक ९ जणांच्या टीममध्ये तांत्रिक बाजू सांभाळतात. मुख्य सॉफ्टवेअर पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं, १२ वर्षं फंक्शनला फंक्शन जोडत वाढलेलं. एकच हिशेब चार फाइलींत चार तऱ्हांनी केलेला सापडतो. याला कंटाळून त्यांनी १४ महिने खपून, बरंचसं रात्री जागून, एक छोटं ऑब्जेक्ट-ओरिएंटेड फ्रेमवर्क लिहिलं, म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं 'ऑब्जेक्ट' नावाच्या तुकड्यांत एकत्र बांधणारा तयार सांगाडा. मग टीमसाठी दोन दिवसांचं सत्र घेतलं. ६४ स्लाइड : क्लास (ऑब्जेक्टचा साचा), ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेणं), पॉलिमॉर्फिझम (एकाच हाकेला वेगवेगळ्या ऑब्जेक्टनी आपापल्या परीने उत्तर देणं) आणि शेवटच्या तासात फ्रेमवर्क. सगळ्यांनी कौतुक केलं. तीन महिने उलटले, वापरून पाहिलं ते दोघांनीच. त्यातल्या एकाने जुनं ४०० ओळींचं फंक्शन जसंच्या तसं कंट्रोलरच्या (पानाची मागणी हाताळणाऱ्या क्लासच्या) एका मेथडमध्ये, म्हणजे क्लासमधल्या फंक्शनमध्ये, आणून टाकलं. २२ वर्षं पीएचपी लिहिणारे एक ज्येष्ठ सहकारी सत्रातच म्हणाले होते, "छान आहे, पण बिल चुकलं तर मी बघू कुठे?" तेव्हापासून बाकीचेही त्यांचीच री ओढतात. वाचक विचारतात : या लोकांच्या डोक्यात ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विचार कसा उतरवू? की वरून सक्ती करवून घेऊ? ताजा कलम : दुसरं सत्र पुढच्या महिन्यात आहे, नव्या स्लाइड पाठवल्या तर नजर टाकाल का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वाक्यापाशी अडकले. तुम्ही ते विरोधाच्या खात्यात टाकलंय. मला मात्र वाटतं, त्या दोन दिवसांत सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनीच विचारला. आणि पत्रावरून दिसतं की त्याचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही.

जुन्या कोडमध्ये बिल चुकलं की ते काय करत असतील? बिलाची फाइल उघडायची, वरून खाली वाचत जायचं, मध्ये एखादी किंमत छापून बघायची, इन्क्लुड केलेल्या फाइलीत शिरायचं, परत यायचं. कोड कितीही गचाळ असला तरी त्याची वाट पायाखालची असते. तुमच्या फ्रेमवर्कमध्ये ती वाटच दिसत नाही. बिलाचा क्लास आहे, त्यात तीन छोट्या मेथड आहेत, आणि त्या मेथडना कोण, कधी, कशाच्या आधी बोलावतं हे त्या फाइलीत कुठेच लिहिलेलं नाही. तुम्हाला ते दिसतं, कारण बोलावणारा कोड तुम्हीच लिहिलाय.

लायब्ररी आणि फ्रेमवर्क यांतला फरक इथेच आहे. लायब्ररीला आपण हाक मारतो, फ्रेमवर्क आपल्याला हाक मारतं. राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट यांनी १९८८ मधल्या एका शोधनिबंधात ही उलटापालट स्पष्ट मांडली आहे : मुख्य प्रोग्रामची भूमिका फ्रेमवर्क घेतं, कामांचा क्रम तेच ठरवतं, आणि आपण लिहिलेल्या मेथड त्या क्रमातल्या रिकाम्या जागा भरतात. म्हणजे तुम्ही टीमपुढे नवं वाक्यरचनाशास्त्र ठेवलं नाहीत, तर गाडीचं स्टिअरिंग मागितलंत. २२ वर्षं चालवणाऱ्या माणसाने ते सोडण्याआधी ब्रेक कुठे आहे असं विचारलं, एवढंच झालंय.

म्हणून तुमच्या पहिल्या गृहीतकाबद्दल मला शंका आहे. "यांना ऑब्जेक्ट कळत नाहीत" असं तुम्ही धरून चाललायत. पण ही मंडळी डेटाबेससाठी पीएचपीतलं तयार पीडीओ वापरत असणार, तारखांसाठी तयार डेटटाइम वापरत असणार. ते ऑब्जेक्टच आहेत. त्यांच्या मेथड ते दिवसभर बिनदिक्कत वापरतात, एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) पकडतात, आणि त्यासाठी कुणाला ६४ स्लाइड बघाव्या लागल्या नव्हत्या. दुसऱ्याचा ऑब्जेक्ट वापरणं त्यांना येतं. आपल्या कामाचे तुकडे पाडून ते दुसऱ्याच्या सांगाड्यात बसवणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते 'पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय' या स्लाइडने येत नाही.

ज्येष्ठांबद्दल आणखी एक. २२ वर्षं म्हणजे त्यांची सुरुवात पीएचपी ४ वर झाली असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हाचे क्लास आठवतायत का तुम्हाला? ऑब्जेक्ट एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात ठेवला की त्याची चक्क नक्कल व्हायची. फंक्शनला दिला तरी नक्कल. आत केलेला बदल बाहेर यायचा नाही, आणि माणूस तासन्‌तास शोधत बसायचा. ते टाळायला जागोजागी रेफरन्सचं, म्हणजे 'नक्कल नको, मूळच वापर' असं सांगणारं, चिन्ह पेरावं लागे. प्रायव्हेट, प्रोटेक्टेड (बाहेरच्या कोडला आत हात घालू न देण्याची सोय) नव्हतं, इंटरफेस (क्लासमध्ये कुठल्या मेथड हव्यातच याचा करार) नव्हते, एक्सेप्शन नव्हती. हे सगळं जुलै २००४ मध्ये पीएचपी ५ बरोबर आलं. त्या काळात ज्याने क्लास वापरून हात पोळून घेतले, त्याला आज 'ऑब्जेक्ट वापरा, सोपं होईल' म्हटलं की तो हसणारच. त्यांना आधी विचारा की पूर्वी त्यांनी क्लास कधी वापरले आणि काय झालं. कदाचित त्यांना इनहेरिटन्स तुमच्याइतकंच कळत असेल. फक्त त्यांचा त्यावर विश्वास नसेल.

माझाही एक अनुभव सांगते. अशाच एका टीममध्ये मी ऐकणाऱ्यांच्या बाजूला होते. तिथल्या फ्रेमवर्कमध्ये नोंद साठवण्याआधी एक ठरावीक नावाची मेथड आपोआप चालायची. मी ती लिहिली, नावात एक अक्षर चुकलं. एरर नाही, इशारा नाही, काही नाही. मेथड निमूट पडून राहिली, कारण तिला त्या नावाने कुणी बोलावतच नव्हतं. दोन दिवस गेले. चूक माझीच होती, पण ज्या सांगाड्यात एवढ्या छोट्या चुकीला एवढी शांतता मिळते, त्याच्यावर मी पुढे कधीच मनापासून भरवसा ठेवला नाही.

तुमच्या फ्रेमवर्कमध्ये अशा शांत जागा किती आहेत, ते आज रात्री बसून मोजा. जिथे वापरणाऱ्याने मेथड लिहिलीच पाहिजे, तिथे ती ॲबस्ट्रॅक्ट करा किंवा इंटरफेसमध्ये मागा; मग नाव चुकलं की पीएचपी लगेच ओरडेल. जिथे मेथड ऐच्छिक आहे, तिथे पीएचपी ८.३ पासून, म्हणजे २०२३ पासून, ओव्हरराइड नावाचं ॲट्रिब्यूट (मेथडवर लावायची खूण) मिळतं. ते मेथडवर लावलं आणि पालक क्लासमध्ये त्या नावाची मेथड नसली, तर प्रोग्राम तिथेच थांबतो. जुनी आवृत्ती असेल तर हीच तपासणी तुम्ही स्वतः लिहू शकता. आणि एररचे संदेश पुन्हा वाचा, अगदी तिऱ्हाइताच्या डोळ्यांनी. 'हँडलर सापडला नाही' हा संदेश तुमच्यासाठी आहे. 'बिल या पत्त्यासाठी क्लास शोधला, या फाइलीत शोधला, तिथे या नावाची मेथड नाही' हा त्यांच्यासाठी आहे. नवं फ्रेमवर्क लोक मॅन्युअल वाचून शिकत नाहीत, एरर वाचून शिकतात. तिथे घातलेला आठवडा कुठल्याही सत्रापेक्षा जास्त फळेल.

आता थोडं बोचेल असं. फ्रेमवर्क 'तयार' आहे असं तुम्ही लिहिलंय. ते कशावरून? त्यावर चालणारी किती खरी पानं रोज वापरात आहेत, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. जी फ्रेमवर्क पुढे रुळली, त्यांतली बरीचशी चालत्या कामातून बाहेर काढलेली आहेत. २००४ मध्ये जाहीर झालेलं रेल्स हे बेसकॅम्प नावाच्या उत्पादनातून निघालं. जँगो २००३ पासून एका वृत्तपत्राच्या वेबसाइटच्या रोजच्या धावपळीत घडत गेलं आणि २००५ मध्ये खुलं झालं. आधी काम झालं, मग कामातली पुनरुक्ती दिसली, मग तिचा सांगाडा झाला. तुम्ही १४ महिने बहुतेक उलट दिशेने चाललात : आधी सांगाडा, मग काम शोधायला निघालात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं आम्ही बऱ्याच जणांनी केलंय. पण मग ते '४०० ओळींचं फंक्शन' वेगळं दिसायला लागतं. त्या सहकाऱ्याला ते तुकडे ठेवायला जागा सापडली नसेल. कर कुठे काढायचा, सवलत कुठे, पावतीचा क्रमांक कुठून आणायचा? तुमच्या सांगाड्यात याला खण आहेत का? नसतील, तर त्याने सापडला त्या एकमेव मोठ्या खणात सगळं ओतलं. खरं तर नऊ जणांत सगळ्यात जास्त मदत तुम्हाला त्यानेच केलीय. त्याच्या शेजारी बसा. त्या ४०० ओळींतून एकच गोष्ट, समजा कर, वेगळ्या क्लासमध्ये काढा. त्या दिवशी तेवढंच. बाकीच्या ओळी तिथेच राहू देत, चालतायत ना!

जॉन्सन आणि फूट यांच्या त्याच लेखात आणखी एक निरीक्षण आहे, ते तुमच्या कामाचं आहे. सुरुवातीची फ्रेमवर्क इनहेरिटन्सवर उभी असतात : वापरणाऱ्याने तुमच्या क्लासपासून आपला क्लास काढायचा, मेथड ओव्हरराइड करायच्या, म्हणजे आपल्या परीने पुन्हा लिहायच्या. त्यासाठी त्याला तुमच्या क्लासच्या पोटात काय चाललंय ते माहीत असावं लागतं. फ्रेमवर्क मुरत गेलं की ते हळूहळू ऑब्जेक्ट जोडण्याकडे सरकतं : तयार भाग घ्यायचा, ठरलेला इंटरफेस पाळायचा, आतलं बघायची गरज नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचं अजून पहिल्या अवस्थेत दिसतं. तीन पातळ्यांचं इनहेरिटन्स अभिमानाने लिहिलंय तुम्ही! त्या तीन पातळ्याच लोकांना घाबरवतायत. बिलाच्या क्लासमधली मेथड प्रत्यक्षात आजोबांच्या फाइलीत आहे, हे त्यांना कोण सांगणार? शिवाय उद्या तुम्ही आजोबांत एक ओळ बदललीत की सगळी नातवंडं आजारी पडू शकतात.

शिकवण्याचा क्रमही म्हणूनच उलटा करा असं सुचवेन. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते आणि दोघं 'प्राणी' क्लासमधून येतात, हे उदाहरण कृपा करून काढून टाका. कुणाच्याही कामात कुत्रा नसतो. गंमत अशी की इनहेरिटन्सची कल्पना अशा वंशावळीतून आलेलीच नाही. नॉर्वेत क्रिस्टन न्युगार्ड आणि ओले-योहान डाल सिम्युलेशनसाठी (खऱ्या घडामोडींची संगणकावर नक्कल करण्यासाठी) सिम्युला भाषा घडवत होते. त्यांच्यापुढे टोलनाक्यावरच्या रांगेचं उदाहरण होतं : रांगेत ट्रक, रांगेत बस. रांगेत उभं राहायचा कोड दोघांना सारखाच हवा होता, आणि तो दोनदा लिहायचा नव्हता. ही अडचण सोडवताना जे सुचलं, ते १९६७ च्या सिम्युलामध्ये क्लास आणि उपक्लास म्हणून आलं. म्हणजे आधी टोचणारी पुनरुक्ती, मग तिच्यावरचा उपाय. तुमच्याकडे तर चार फाइलींतला तोच हिशेब आयताच आहे. तो पडद्यावर शेजारी शेजारी ठेवा. चारांपैकी कुठला बरोबर, असं टीमलाच विचारा. माझा अंदाज, पाच मिनिटांत खोलीत वाद सुरू होईल. त्या वादातून जो एक क्लास निघेल तो कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. इंटरफेस त्यानंतर, दुसरा खरा प्रकार समोर आल्यावर. इनहेरिटन्स सगळ्यात शेवटी, आणि नाही शिकवलं तरी फारसं बिघडत नाही.

सक्तीबद्दल : नको. सक्ती झाली की फ्रेमवर्कचा प्रत्येक दोष तुमचा वैयक्तिक होतो, आणि लोक ४०० ओळींची फंक्शनं क्लासमध्ये टाकून 'झालं स्थलांतर' म्हणून कळवतात. मात्र याच्या उलट टोकाला जाऊन 'ज्याला हवं त्याने वापरा' असंही सोडून देऊ नका, कारण मग सॉफ्टवेअरचे कायमचे दोन तुकडे होतात. मधला मार्ग असा : नवी पानं नव्या पद्धतीने, जुनी पानं त्यांना हात लागेल तेव्हाच. त्यासाठी प्रत्येक रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरकडून आलेली पानाची मागणी, एकाच दारातून आत यावी. नव्या व्यवस्थेत तो पत्ता असेल तर तिने घ्यावा, नसेल तर मुकाट जुन्या फाइलीकडे पाठवावा. लॉगिन आणि सेशन (आत आलेल्या माणसाची तात्पुरती नोंद) जुन्या-नव्या दोन्ही व्यवस्थांना एकच वाचता आलं पाहिजे. हे आधी करा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात लोक एका पानावर लॉगिन आणि दुसऱ्यावर लॉगआउट दिसतील. आणि एखादं पान गडबडलं तर एका ओळीच्या बदलाने ते जुन्याकडे परत जावं. परतीची वाट आहे हे कळलं की माणसं पुढे जायला धजावतात.

पळवाटाही ठेवा. कुणाला थेट एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहायचं असेल तर लिहू द्या, फक्त ते कुठल्या फाइलीत राहील आणि व्हॅल्यू बाइंड करूनच (वाक्यात न चिकटवता वेगळ्या देऊन) जातील एवढं ठरवा. तुमच्या क्वेरी बिल्डरमध्ये (एसक्यूएल न लिहिता तेच प्रश्न रचून देणाऱ्या सोयीत) सहा टेबलांचा जोड बसवताना ज्येष्ठांचा अर्धा दिवस गेला, तर ते परत येणार नाहीत.

एक पर्याय पत्रात तुम्ही टाळलाय, तो मला काढावा लागेल. तुमच्याऐवजी तयार फ्रेमवर्क का नको? सिम्फनी २००५ पासून आहे, लाराव्हेल २०११ पासून. दोन्हींची कागदपत्रं आहेत, सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, अडलेल्या माणसाला शोधल्यावर उत्तर सापडतं, आणि नवा माणूस ते शिकून आलेला असू शकतो. तुमचं फ्रेमवर्क फक्त तुमच्याकडून शिकता येतं. तुम्ही आजारी पडलात किंवा नोकरी बदललीत, तर उरलेल्या आठ जणांच्या गळ्यात एकाऐवजी दोन जुनी सॉफ्टवेअर पडतील. तुमच्या फ्रेमवर्कच्या बाजूने एकच खरा मुद्दा दिसतो : तुमचं छोटं आहे आणि तुमच्या जुन्या कोडशी जुळवून घेतं. तो मुद्दा हलका नाही; मोठं फ्रेमवर्क आपल्या शिस्तीने सगळं बदलायला लावतं. पण तुमच्या फ्रेमवर्कमधली रिक्वेस्ट, राउटिंग (पत्त्यावरून योग्य कोड शोधणं), लॉगिंग (घडलेल्याच्या नोंदी ठेवणं) अशी कामं कंपोझर या पीएचपीच्या साधनाने तयार पॅकेजं आणून भागतात. सिम्फनीचे भाग तर सुटे वापरता येतात. तुमच्या धंद्याचे नियम जिथे आहेत, तेवढाच भाग तुमचा ठेवलात तर १४ महिन्यांतला किती कोड उरेल? उत्तर 'निम्माही नाही' असं आलं, तर ते दुखेल. तरी मी बाकीचा कोड टाकून देईन.

आता दुसरं सत्र. दोन दिवस नकोत, दोन तास पुरे. मागच्या महिन्यात खरोखर आलेली, सुटलेली एक तक्रार घ्या, शक्यतो चुकलेल्या बिलाचीच. ते पान आधी नव्या पद्धतीत आणून ठेवा आणि तीच चूक त्यात मुद्दाम घाला. मग एक्सडीबग हे पीएचपीतल्या चुका शोधायचं साधन लावून ब्रेकपॉइंटवर (कोड मुद्दाम थांबवायच्या जागी) थांबत, सगळ्यांसमोर, रिक्वेस्ट आत आल्यापासून पान बाहेर पडेपर्यंत एकेक पाऊल चाला. कॉल स्टॅकमध्ये, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं त्या यादीत, वीस ओळी दिसतील, त्यांतल्या तीनच आपल्या असतील. त्या तीन कशा ओळखायच्या, हेच त्या दिवसाचं शिक्षण. कीबोर्ड तुमच्या हातात ठेवू नका. ज्येष्ठांना विनंती करा, आणि ते अडले की लगेच सांगून टाकायचा मोह आवरा. ते जिथे जिथे अडतील ती प्रत्येक जागा लिहून घ्या. पुढच्या महिन्याची तुमची कामाची यादी तीच.

याच्या जोडीला डेव्हलपमेंटच्या मशीनवर प्रत्येक पानाच्या तळाशी एक पट्टी दाखवा : कुठला पत्ता जुळला, कुठला क्लास, कुठली मेथड कोणत्या क्रमाने चालली, किती क्वेरी गेल्या. सिम्फनीत अशी पट्टी असते आणि तिच्यामुळे माझे कित्येक तास वाचलेत. तुमच्या छोट्या फ्रेमवर्कला ती लिहायला दोन-तीन दिवस लागावेत. 'बघू कुठे?' या प्रश्नाला ते कायमचं, न थकणारं उत्तर आहे.

ताजा कलमाबद्दल : स्लाइड पाठवू नका. ती पट्टी तयार झाली की चुकलेल्या बिलाच्या पानाचा एक स्क्रीनशॉट पाठवा, तो आनंदाने बघेन. फक्त माझ्याआधी तो त्या ज्येष्ठांना दाखवा, आणि चूक कुठे आहे हे त्यांना किती वेळात सापडलं ते सोबत लिहा.